घरमालकाचं कर्ज थकलं, दारावर बँकेची नोटीस लागली. भाडेकरूने काय करायचं?

सकाळी गाळा उघडायला गेलं आणि शटरवर कागद डकवलेला दिसला. वर बँकेचं नाव, मधे घरमालकाचं नाव आणि लाखातले आकडे, खाली 'सांकेतिक ताबा घेण्यात आला आहे' असा मजकूर. भाडेकरूने भाडं एक महिनाही चुकवलेलं नाही. कर्ज त्याने काढलेलं नाही. तरी बाजारात बोभाटा होतो की दुकानाला सील लागणार.

अशा वेळी दोन चुका हमखास होतात. एक तर माणूस घाबरून आठ दिवसांत गाळा रिकामा करतो आणि डिपॉझिट बुडवून घेतो. नाही तर 'आपल्याला काय करायचंय, मालक बघून घेईल' म्हणत बसून राहतो आणि एक दिवस तहसीलदार पोलीस बंदोबस्त घेऊन दारात उभे राहतात. खरं तर या दोन्हीच्या मधे भाडेकरूचे काही हक्क आहेत. ते सगळ्यांना सारखे मिळत नाहीत. कुणाला मिळतात, कुणाला नाही, हे बहुतेक वेळा कागद आणि तारीख यावर ठरतं.

आधी बँक कोणत्या वाटेने येते ते समजून घ्या

घर, गाळा, गोडाऊन गहाण ठेवून घेतलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी बँका २००२ चा सरफेसी कायदा वापरतात. या कायद्यात बँकेला मिळकत विकायला आधी कोर्टातून हुकूमनामा आणावा लागत नाही. राष्ट्रीयीकृत बँका, खासगी बँका, गृहकर्ज कंपन्या हा कायदा वापरतातच. सहकारी बँकांना तो लागू आहे का, यावर बरीच वर्षं वाद होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी निकाल दिला की सहकारी बँकाही हा कायदा वापरू शकतात.

पायऱ्या अशा असतात. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं थकीत, म्हणजे एनपीए होतं. मग बँक कलम १३(२) ची मागणी नोटीस देते. त्यात पैसे भरायला ६० दिवसांची मुदत असते. कर्जदाराने हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ६० दिवसांत पैसे आले नाहीत तर बँक कलम १३(४) खाली ताबा घेते. हा ताबा बहुतेक वेळा आधी कागदावरचा, म्हणजे सांकेतिक असतो. त्याची नोटीस मिळकतीच्या दर्शनी जागी लावतात आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापतात. त्यातलं एक वर्तमानपत्र स्थानिक भाषेतलं असावं लागतं.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. त्यावर ३० दिवसांत, आणि कारण नोंदवून फार तर एकूण ६० दिवसांत, आदेश व्हावा असं कायदा म्हणतो. जिल्हाधिकारी आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याला, आपल्याकडे बहुतेक वेळा तहसीलदाराला, ताबा घ्यायला सांगतात. त्यानंतर लिलाव. म्हणजे शटरवर कागद लागला त्याच दिवशी सील लागत नाही. मधे वेळ असतो. तो वेळ वाया घालवायचा नाही, एवढंच.

एकच इमारत, तीन भाडेकरू

समजा तालुक्याच्या गावी बाजारपेठेत एक दुमजली इमारत आहे. मालकाने २०१९ मध्ये ती बँकेत गहाण ठेवून कर्ज घेतलं. २०२५ मध्ये हप्ते थकले आणि मागणी नोटीस आली. इमारतीत तीन भाडेकरू आहेत.

पहिला, खाली पंपाचे स्पेअर पार्ट विकणारा. त्याने २०१७ मध्ये दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला दहा वर्षांचा भाडेपट्टा केला आहे. दर महिन्याचं भाडं बँक खात्यातून जातं.

दुसरं, वरच्या मजल्यावरचं कुटुंब. गाव बारा किलोमीटरवर, पण मुलांच्या शाळा-क्लाससाठी इथे खोल्या घेतल्या. २०२४ मध्ये मालकाला तीन लाख डिपॉझिट दिलं, महिन्याचं भाडं नाही. ५०० च्या बाँडवर ११ महिन्यांचा करार, नोटरी केलेला.

तिसरा, मागच्या खोलीतला मालकाच्या नात्यातला माणूस. मागणी नोटीस आल्यावर मालकाने त्याला आणून ठेवलं आणि मागच्या तारखेचा बाँड करून दिला.

पहिल्याची बाजू भक्कम आहे. त्याचा भाडेपट्टा गहाणाच्या आधीचा आहे, नोंदणीकृत आहे आणि मुदत अजून बाकी आहे. बँकेने गहाण घेतलं तेव्हा हा भाडेकरू तिथे होताच. मालकाकडे जेवढा हक्क होता तेवढाच बँकेकडे गहाण पडला. अशा भाडेकरूची मुदत संपेपर्यंत बँक त्याला उचलून बाहेर काढू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हर्षद सोंडगर प्रकरणात सांगितलं. बँक मिळकत विकू शकते, पण भाडेकरूसकट. लिलावात घेणारा त्याचा नवा मालक होतो आणि भाडं त्याला जायला लागतं.

दुसऱ्या कुटुंबाची बाजू कमकुवत आहे. ते गहाणानंतर आले. बहुतेक गहाणखतात 'बँकेच्या परवानगीशिवाय भाड्याने देणार नाही' अशी अट असते. परवानगी घेतली नसेल तर तो करार बँकेवर बंधनकारक राहत नाही. त्यातून त्यांचा कागद लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे वापर परवान्याचा आहे. परवान्याने मिळकतीत हक्क तयार होत नाही. मालकी बदलली की नवा मालक त्या परवान्याला बांधील नसतो. त्यांना सामान काढायला वाजवी वेळ मागता येतो आणि डिपॉझिट मालकाकडून वसूल करता येतं. घर धरून ठेवणं मात्र अवघड.

तिसऱ्याला कायद्यात जागाच नाही. मागणी नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मिळकत विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, अशी बंदी कलम १३(१३) मध्ये आहे. ती मोडणाऱ्याला आणि मोडायला मदत करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून मालक जुना सलगीचा असला आणि 'नुसती सही कर, बँक अडवायची आहे' म्हणाला, तरी मागच्या तारखेच्या बाँडावर सही करू नका. मालकाचं कर्ज फिटत नाही, आणि भाडेकरू मात्र गुन्ह्यात अडकतो.

गहाणानंतर आलेला प्रत्येक भाडेकरू बुडालाच का?

तसं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६५अ सांगतं की मिळकत गहाण असली तरी ताबा मालकाकडे असेल तर तो ती भाड्याने देऊ शकतो आणि ते बँकेवर बंधनकारक होतं. पण अटी आहेत. भाडं त्या भागातल्या चालू दराने, वाजवी असलं पाहिजे. पागडी किंवा आगाऊ भाडं घेतलेलं नसावं. पुढे नूतनीकरण करून देण्याचं वचन नसावं. भाडेपट्टा करारापासून सहा महिन्यांच्या आत सुरू झाला पाहिजे आणि इमारतीच्या बाबतीत मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त नसावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गहाणखतात याच्या उलट अट नसावी.

म्हणूनच 'दोन वर्षांचं भाडं एकदम द्या, कमी करून देतो' ही मालकाची ऑफर दिसते तेवढी स्वस्त नसते. गहाण मिळकतीत आगाऊ दिलेलं भाडं भाडेकरूची बाजू कमकुवत करतं, आणि पैसे अडकतात ते वेगळंच.

भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ ज्या शहरांत लागू आहे, तिथल्या भाडेकरूला आणखी एक आधार आहे. हा कायदा प्रत्येक खेड्याला लागू नाही. त्याच्या अनुसूचीत ज्या भागांची नावं आहेत तिथेच तो चालतो. आपलं तालुक्याचं गाव त्यात आहे का, हे वकिलाकडून आधी खात्री करून घ्यावं.

जानेवारी २०१६ मध्ये विशाल कळसारिया विरुद्ध बँक ऑफ इंडिया या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भाडे कायद्याने संरक्षण दिलेल्या खऱ्या भाडेकरूला सरफेसी कायद्याचं नाव घेऊन परस्पर बाहेर काढता येणार नाही. काढायचं तर भाडे कायद्यातल्या मार्गानेच.

पण हा निकाल वाचून 'तोंडी भाडेकरूही सुरक्षित' असं समजू नका. सप्टेंबर २०१९ मध्ये बजरंग अगरवाल प्रकरणात त्याच न्यायालयाने पुढची मर्यादा घातली. तिथे भाडेकरू म्हणत होता की आपण गहाणाच्या आधीपासून तोंडी करारावर राहतो. पण त्याला ते पुराव्याने दाखवता आलं नाही आणि त्याचं म्हणणं टिकलं नाही. तोंडी किंवा नोंदणी नसलेल्या कराराच्या जोरावर, कायद्याने ठरवलेल्या काळापेक्षा जास्त दिवस बसून राहता येत नाही, असंही न्यायालयाने स्पष्ट केलं.

'११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' हा गैरसमज

मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो. त्यातून पळवाट म्हणून ११ महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार तो कायदा लागू असलेल्या भागात भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरीच्या शिक्क्याने सही कुणाची ते कळतं, दुय्यम निबंधकाच्या दप्तरात त्याची नोंद होत नाही. आता लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी आधारवरून ऑनलाईनही होते, दोघांनी कचेरीत खेटे घालायची गरज राहिलेली नाही.

दाद कुठे मागायची?

इथे बरेच जण चुकतात. वकील न पाहता तालुक्याच्या दिवाणी कोर्टात मनाई हुकुमासाठी दावा टाकला जातो. सरफेसीच्या कारवाईत दिवाणी कोर्टाला हात घालायला कलम ३४ ने मनाई आहे. दिवस जातात आणि शेवटी 'इथे चालत नाही' असं ऐकावं लागतं.

योग्य जागा म्हणजे कर्ज वसुली न्यायाधिकरण, ज्याला सगळे डीआरटी म्हणतात. महाराष्ट्रात ते मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहे. बँकेच्या कारवाईपासून ४५ दिवसांच्या आत कलम १७ खाली तिथे अर्ज करायचा असतो. २०१६ च्या दुरुस्तीने कलम १७(४अ) आलं आणि भाडेकरूचा हक्क तपासण्याचा अधिकार डीआरटीला स्पष्टपणे मिळाला. डीआरटी चार गोष्टी बघते:

- भाडेपट्ट्याची मुदत संपली आहे का, किंवा तो रद्द झाला आहे का?
- तो कलम ६५अ च्या विरुद्ध आहे का?
- तो गहाणाच्या अटींच्या विरुद्ध आहे का?
- तो मागणी नोटिशीनंतर केलेला आहे का?

चारही प्रश्नांना 'नाही' असं उत्तर कागदांनिशी देता आलं तर भाडेकरूची बाजू उभी राहते. एकाचंही उत्तर 'हो' आलं तर अवघड आहे.

जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम १४ चं प्रकरण चालू असेल तर तिथेही आपण भाडेकरू असल्याचा अर्ज कागद जोडून जरूर द्या आणि पोच घ्या. मात्र त्यावरच विसंबून राहू नका. भाडेकरूचा हक्क खरा की खोटा याचा निवाडा डीआरटीत होतो.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि उत्पन्न मर्यादेत बसणारे यांना मोफत वकील मिळतो. १५१०० हा विधी सेवेचा देशभराचा हेल्पलाईन क्रमांक आहे.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर वाट वेगळी

खेड्यापाड्यात बरंचसं कर्ज पतसंस्थेचं असतं. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिला सरफेसी वापरता येत नाही. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेते आणि मग कलम १५६ व नियम १०७ प्रमाणे वसुली अधिकारी जप्ती आणि लिलाव करतो. जप्तीवर कुणाची हरकत असेल तर ती तपासून निर्णय देण्याची तरतूद नियम १०७ मध्येच आहे. तेव्हा इथे डीआरटीत नाही, वसुली अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यायची, कागद जोडायचे आणि पोच घ्यायची.

शेतजमिनीचं म्हणाल तर सरफेसी शेतजमिनीच्या गहाणाला लागू नाही. तशीच एक लाखापर्यंतच्या कर्जालाही ती लागू नाही. खंडाने, बटईने शेती करणाऱ्यांनी 'सरफेसीत शेत जाईल' म्हणून घाबरायचं कारण नाही. पण सहकारी संस्थेची नियम १०७ ची वसुली शेतजमिनीवर येऊ शकते, हे लक्षात ठेवा. आणि शेतात बांधलेलं गोडाऊन बिगरशेती जागेवर असेल तर ते शेतजमिनीत मोडत नाही.

भाडं आता कुणाला द्यायचं?

नोटीस लागली म्हणून भाडं बंद करू नका. थकबाकीदार भाडेकरूला बाहेर काढणं सगळ्यात सोपं असतं. पण रोखीत देणं थांबवा. मालकाच्या खात्यावर भरा आणि 'अमुक महिन्याचं भाडं' असं लिहा. बँकेचा माणूस तोंडी म्हणाला 'भाडं आमच्याकडे द्या' तर लेखी मागा. बँकेची लेखी नोटीस आली तर ती वकिलाला दाखवा. कायद्यात तशी तरतूद आहे आणि त्या तरतुदीत बसणारे, बँकेत भरलेले पैसे मालकाला दिल्यासारखेच धरले जातात. पावती मात्र प्रत्येक वेळी हवी.

डिपॉझिटचं काय?

हा सगळ्यात दुखरा भाग. डिपॉझिट मालकाने घेतलं, ते परत देण्याची जबाबदारी मालकाचीच. लिलावाच्या पैशातून आधी बँकेचा खर्च आणि थकबाकी वळती होते, उरलं तर ते मालकाकडे जातं. हेवी डिपॉझिट देणारा माणूस या रांगेत बँकेच्या मागे असतो. त्याला मालकावर दिवाणी दावा करावा लागतो, आणि मालकाकडेच काही उरलं नसेल तर हुकूमनामा हातात असूनही वसुली होत नाही.

म्हणून नोटीस दिसताच मालकाला लेखी पत्र द्या, डिपॉझिटची रक्कम कबूल करून घ्या, भाड्यात वळती करता येते का ते लेखी ठरवा. वर सांगितलेल्या कुटुंबाने तीन लाख रोख दिले असतील आणि करारात आकडा पन्नास हजारच लिहिला असेल, तर अडीच लाख सिद्ध करायला त्यांच्याकडे काहीच नाही.

नोटीस दिसली की पहिल्या आठ दिवसांत

- नोटिशीचा तारखेसह फोटो काढा. कागद फाडू नका.
- बँकेचं नाव, प्राधिकृत अधिकाऱ्याचं नाव, मागणी नोटिशीची तारीख वेगळी लिहून ठेवा. ४५ दिवस कुठून मोजायचे ते वकिलाकडून ठरवून घ्या.
- करार, भाडेपावत्या, पासबुक, तुमच्या नावाचं लाईट बिल, शॉप ॲक्टचा दाखला, जीएसटी नोंदणी, मुलांच्या शाळेतला पत्ता, असं जे काही त्या जागेवर तुम्ही केव्हापासून आहात हे दाखवतं ते एका फाईलीत लावा.
- प्राधिकृत अधिकाऱ्याला स्पीड पोस्टाने कळवा की इथे अमुक तारखेपासून भाडेकरू आहे, सोबत करार जोडला आहे.
- दुकानातला माल तुमचा आहे, मालकाचा नाही, हे दाखवणारी खरेदी बिलं तयार ठेवा. ताबा घ्यायला अधिकारी आलेच तर पंचनाम्यात तुमच्या मालाची नोंद करून घ्या आणि प्रत मागा.
- दमदाटीवर सही करू नका. 'स्वखुशीने जागा सोडत आहे' अशा कागदावर तर अजिबात नाही.

आणि जागा घेण्याआधीच

मिळकत गहाण आहे का, हे बघायला अर्धा दिवस पुरतो. बिगरशेती जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून इतर हक्कात बोजा आहे का ते पाहा. गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघा. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर सूची दोनचा शोध घेता येतो. नुसती मूळ खरेदीखतं बँकेत ठेवून केलेल्या गहाणाचीही नोंदणी खात्याला सूचना द्यावी लागते. ती तिथे सापडू शकते. केंद्र सरकारच्या सरसाई नोंदवहीतही ठरावीक फी भरून गहाणाची माहिती मिळते. बोजा दिसला तर मालकाला एकच गोष्ट मागायची: भाड्याने द्यायला हरकत नाही असं बँकेचं पत्र. ते मिळत नसेल तर डिपॉझिट कमीत कमी ठेवायचं, आणि तेही खात्यावरूनच द्यायचं.

स्पेअर पार्टवाल्याने २०१७ मध्ये नोंदणीसाठी एक दिवस दुकान बंद ठेवलं होतं. आज त्याच्या शटरवर नोटीस आहे, पण दुकान चालू आहे. वरच्या मजल्यावर मात्र सामान बांधायला सुरुवात झाली आहे, आणि मुलांची परीक्षा तोंडावर आहे.